वाफ्यात ब्लीचिंग कोणी टाकलें

आधीच सांगते, आमच्या बोलण्याला हसायचें असेल तर वही मिटा आणि पुण्यास परत जा. आमचे पूर्वज तंजावरच्या राजाकडे चाकरीस आले तेव्हां जें बोलत तेंच आम्ही घरात बोलतों, बाहेर तमिळ. माझा जन्म कुंभकोणमचा, लग्न होऊन या चोळपुरम्‌ला आले, सासऱ्यांच्या गाई होत्या, पुढे वाटणी झाली, गोठा आणि घरचा विठोबा आम्हास आला, खालचें तळ्याकाठचें घर धाकट्या दिरास. दीर गेला, जाऊ राहिली. ती आणि मी बोलत नाही, किती वर्षें तें विचारू नका.

माझ्या चौदा गाई, दूध कुंभकोणमला कॉफीच्या दुकानांत जातें. गोठा धुतला की शेणामुताचें पाणी ओहोळाने तळ्यात. तळें हिरवें झालें, आंग खाजतें म्हणोन जावेने पंचायतीत अर्ज दिला, गोठाच बंद करा. गोठा बंद केला तर मी काय खावें, सांगा. तेव्हां पंचायतीने बोलावलेली कॉलेजातली माणसें आली, गोठ्याच्या आणि तळ्याच्या मधे लांब वाफा खणला, खडी भरली, वर पाणकणीस लावलें, तें पाण्याकाठचें उंच गवत. गोठ्याचें पाणी आधी यात मुरेल, मुळांना आणि खडीला बारीक जीव चिकटून राहतात, तेच घाण खातात, तुम्ही वरून कांहीं घालू नका, असें त्यातला चष्मेवाला मजला तीनदा बोलला, जणू मी कुकूबाळ. पण काय सांगू तुम्हाला, तळें खरेंच निवळलें. तेंही मजला आवडलें नाही, कारण जाऊ खूष झाली.

मग गोकुळाष्टमी आली. आमच्यात उंबऱ्यापासून देवापर्यंत तांदळाच्या पिठाने कृष्णाची पावलें काढतात, भजनाला मंडळी येते, आणि दारासमोर हें शेणपाणी मुरत पडलेलें, त्याचा वास. सोवळ्याच्या घरी कसें चालेल. वाफा होण्याआधी गोठा धुवायला आणलेली ब्लीचिंग पावडर पडून होती, ती अख्खी पिशवी मी वाफ्यात ओतली, वर घागरभर पाणी. स्वच्छच केलें ना मी, दुसरें काय केलें. भजन झकास झालें.

आठवड्यात पाणकणीस पिवळें पडलें, तळ्यात काळें पाणी, मासे पोट वर करून. चष्मेवाल्याने खडी उकरून पाहिली, बोलला कोणी ब्लीचिंग टाकलें, आतले जीव मेले. सगळे जावेकडे बघू लागले, गोठा बंद व्हावा हें हिच्याच मनात, दुसरें कोण करील. ती तडक माझ्या घरात शिरली, इतक्या वर्षांनी, विठोबाच्या पायावर हात ठेवून बोलली मी नाही टाकलें. तरी लोक बोलले, खोटी शपथ घेणारी तू कांहीं पहिली नव्हेस. मी तेथेंच उभी होते, गप्प राहिले. बरी अद्दल घडली असें वाटलें, खोटें कशाला सांगू.

आता नवें पाणकणीस लावलें, तळें परत निवळलें आहे. भजनाला तिला कोणी बोलावत नाही. मजला ती आजही आवडत नाही, मेल्यावरही आवडणार नाही. पण शपथ तिने खरी घेतली, आणि मजला कोणी घ्यायला सांगितलीच नाही.

लिहा, मीच टाकलें. विठोबा तिचें भलें करो. तिला मराठी वाचता येत नाही, आम्हा कोणासच येत नाही, म्हणोन तुम्हीच खाली जाऊन तिला वाचून दाखवा. मी येणार नाही.