नाव विचारणारी वेबसाइट

माह्या गुरूबद्दल विचारता ना, तर ऐका. नर्सिंगच्या प्रवेशाची वेबसाइट मीच बनवलती. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी साइटवरल्या मदतीच्या नंबरवर समुद्रपूरहून शांतामावशीचा फोन आला. मावशी कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादम.

"बाबू, माह्या पोरीले फॉर्म काऊन भरू देत नाई तुह्यी साइट? म्हणते, हा ब्राउझर चालत नाई."

"मावशी, आमच्या यादीतला दुसरा टाका."

"फोनात जागा नाई. अन् याच्यातून फोटो जाते, कागद जाते. पाहिलं का तुह्या साइटनं?"

"नाई. ती फक्त ब्राउझरचं नाव पाहते."

"माह्या टोळीत नवी बाई आली, तर मी नाव-गाव नाई विचारत. एक ओळ वेचाले देतो अन् हात चालते का, ते पाहतो."

मी तिथंच यादी पुसली. आता साइट एवढंच तपासते, की फोनातून फाइल जाते का. अर्ध्या तासात पोरीचा फॉर्म आला.

त्याले पाच वर्षं झाली. परवा दवाखान्यात माह्या बाबांची शीर कोणालेच सापडत नव्हती. एका नर्सनं पहिल्याच खेपेत सुई लावली. मी हात जोडले, तशी म्हणाली, "दादा, मी शांतामावशीची पोरगी."