अंगणात अकरा दिवस

हसाल तुम्ही, पण माझी अडलेली कथा एका दूधवालीने सोडवली. तेव्हा मी पोलादपूरला मास्तर होतो. दिवाळी अंकाच्या संपादकांचं तिसरं कार्ड आलेलं : ‘शनिवारपर्यंत कथा पाठवा, नाहीतर राहू द्या.’ आणि कथेतली माझी सखू सासर सोडून बापाच्या अंगणात जी येऊन उभी राहिली, ती तोंडच उघडेना. मला जेवण जाईना.

डोंगरावरून दूध घालायला येणाऱ्या ठकूबाईने विचारलं, “गुरुजी, तोंड का उतरलंय?”

मी वैतागून म्हणालो, “सखू माहेरी आलीय. अकरा दिवस अंगणात उभी आहे, बोलतच नाही.”

तिला ती खरीच वाटली. “अकरा दिस? आनि कुनी गूळपानी दिलं का नाय तिला?”

मी पळतच आत गेलो आणि बापाच्या हाती तांब्या दिला. सखू पाणी प्यायली, रडली आणि घडाघडा बोलली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.च्या टपालातून कथा मुंबईला रवाना!

मागोमाग ठकूबाई आली. “बोलली का पोर?”

“बोलली.”

“मग आता तिला परत सासरी धाडू नका.” तिने मापावर वाटीभर दूध जास्त ओतलं. “हे तिला पाजा.”

कथेच्या शेवटी मी सखूला सासरीच धाडलं होतं.