मखमलीची उलटी पट्टी

नाहीत हो ते घरात, बेल कितीही वाजवा — वहिनीही बाहेर गेल्यात, किल्ली शेजारी माझ्याकडे असते. तुम्ही कारखान्याचे साहेब ना? ओळखलं मी, भाऊजींच्या बोलण्यात असता तुम्ही. पाकीट माझ्याकडे द्या की. — राजीनामा परत आणलात? आता? दीड महिना लोक त्यांना हसत होते तेव्हा कुठे होतात? बावीस वर्षं कात्री चालवली त्या माणसानं, आणि एक पट्टी चुकली तर नाव काय पडलं — उलटेराव. मखमलीला लव असते, वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, खालून वर फिरवला तर खरखरीत, हे माझ्यासारख्या अडाणी बाईला त्यांनीच शिकवलं, आणि त्यांच्याच हातून नाट्यगृहाच्या पडद्याची एक पट्टी उलट्या लवेची निघाली. दिवे लागले आणि पाच पट्ट्या लाल, एक काळपट — भरल्या सभागृहानं पाहिलं. तेव्हापासून डबा उघडला की तुमची माणसं विचारायची, ‘उलटेराव, झाकण वरच आहे ना?’ तरी जात होते हो. गेलेलं नाव तिथंच मिळवीन म्हणायचे. सगळ्यांच्या आधी पोचायचे, लव नसलेल्या साध्या कापडावरसुद्धा खडूनं दिशेचे बाण काढायचे — तर बाणाला हसायचे लोक. शेवटी मीच म्हटलं, भाऊजी, तिथं राहिलात तर कसं झालं, का झालं, जन्मभर विचारत राहतील, सोडा. मी वहिनींच्याही मागे लागले. या सोमवारी दिला राजीनामा लिहून. आज दुसरीकडे गेलेत, काम विचारायला — तिथं उशांचे अभ्रे कापायचेत. मखमल कापणारा माणूस.

काय म्हणता? कारण सांगितलं असतं तर तेव्हाच मिटलं असतं? ते नाही सांगायचे. दुसऱ्याला पुढे करून आपण मागे लपणाऱ्यातले नव्हेत ते. हो, कापताना फोनवर होते, मान्य — एका हातानं कापड फिरवलं आणि लवेची खूण करायची राहिली. पण चार मिनिटं तर बोलले. आणि घरभर पाणी झालंय, नळ बंद होत नाहीये, तर बाईमाणसानं शेजाऱ्याला नाही विचारायचं तर कोणाला —

म्हणजे, असेल कोणीतरी. मला काय माहीत.

असं बघू नका माझ्याकडे. द्या ते पाकीट, आल्याआल्या देते त्यांना. — नाही? बरं. मग बसा जिन्यात, खुर्ची नाहीये माझ्याकडे. मी दार लावते.