बबनने निवडलेला स्पीकर

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी बबनला मी बरोबर नकोच होतो.

सुकापूरचा बबन आमच्या बेंजो पार्टीत बेस गिटार वाजवतो. हळदीला आणि सरावाला, दोन्हीकडे चालेल असा अ‍ॅम्प आणि स्पीकर घ्यायला आम्ही दोघे नवीन पनवेलच्या एका दुकानात गेलो. सरावाची खोली लहान, म्हणून मी छोटा स्पीकर दाखवला. बबनने तार छेडली आणि मान हलवली.

"यात कायच नाय. मोठा लाव."

मोठा लावला, तशी काउंटरची काच थरथरली. बबनने चपला काढल्या.

"काका, दुकान आहे हे, देऊळ नाही," दुकानदार म्हणाला. मीही हसलो.

बबन अनवाणी उभा राहून, डोळे मिटून वाजवत राहिला. एक सूर चुकला नाही.

"अरे, सरावाला आमचे कान फुटतील," मी मागून म्हणालो. तो वळला नाही. परत म्हणालो, तरी नाही. शेवटी मी खांद्याला हात लावला.

"बबन, तुला ऐकू येत नाही?"

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं. "थोडं येतं. बेस नाय येत. तो पायातनं कळतो." मग म्हणाला, "पार्टीत कोनाला बोलू नको. काढतील मना."

मी दुकानदाराकडे वळून मोठा स्पीकर बांधायला सांगितलं.

बबनने घाबरून माझा दंड धरला. "काय बोललास त्याला?"