संगीताच्या कुबडीचं कडं

आधी माफी मागते. दुसऱ्याचं आयुष्य कागदावर मांडणं हे जाणत्या माणसांचं काम, आणि आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, तीही अजून बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. यंत्रातलं तर मला काहीच कळत नाही. मारुतीकाका आमच्या गल्लीत राहतात. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे करणारा एक छोटा कारखाना आहे, तिथं ते कामाला आहेत. त्यांची धाकटी बहीण संगीताआत्या त्यांच्याकडंच असते. तिला लहानपणी पोलिओ झाला, ती कुबडीवर चालते. मी काकांच्या ओट्यावर बसायचे, ते बोलायचे आणि मी फोनमध्ये आवाज भरून घ्यायचे. लिहून काढताना त्यांची बोली नीट करायला गेले, तर काकाच त्यातून उठून गेल्यासारखे वाटायला लागले. म्हणून आहे तशी ठेवली. यंत्राचं कुठं चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर ते माझ्या ऐकण्यातलं आहे.

आमी टेंभुर्णीकडचे, लोहाराचं घर आमचं. बाप इळे करायचा, खुरपी करायचा, कुऱ्हाडीला पाणी द्यायचा. त्याच्या हातच्या खुरप्याला लांबनं लांबनं माणसं यायची, का तर त्याचं खुरपं मोडायचं न्हाय. आन मोडायचं न्हाय का, तर जितं जोर येतो तितं तो लोखंड राखायचा, जाड ठेवायचा. मी भाता ओढायचो तवा मला दाखवायचा, हे बघ, हितं अंगठा लाव, हितं भरीव हाय का न्हाय. तेच माझ्या हातात बसलं बघ. तू म्हणशील प्लॅस्टिकचं सांगतो म्हणाला आन हा खुरपं घेऊन बसला, पर त्या अंगठ्यापासनंच सगळं सुरू होतंय, म्हणून सांगतो.

मग आयटीआय केलं, सोलापूरला आलो, हितं तितं लेथवर काम केलं आन या कारखान्यात लागलो. पहिल्या दिवशी मशीन बघितली ती मला अजून दिसती. वरनं दाणा टाकायचा, साबुदाण्यासारखा पांढरा दाणा, तो आत तापून पातळ होतो, बंद पोलादी साच्यात जोरानं घुसतो, आन साचा उघडला की डब्याचं झाकण पडतंय, आख्खं, वरची नक्षी, आतले आटे, सगळं. माझा बाप एका इळ्याला सकाळ घालवायचा, आन हितं तोंडातली सुपारी चावतोय तवर झाकण. मी नुसता उभाच राहिलो. मशीनवरचा माणूस म्हणला, काय पाव्हणं, देव बघितला का? म्हणलं व्हय, बघितला की.

आन काय सांगू तुला, त्यातलं खरं नवल मला नंतर कळलं. प्लॅस्टिक गार होताना आकसतंय. म्हणून साचा झाकणापेक्षा थोडा मोठा करायचा असतो, किती मोठा ते दाण्याच्या जातीवर. म्हणजे बघ, जी वस्तू अजून झालीच न्हाय, ती उद्या किती आकसणार ते आज पोलादात कोरून ठेवायचं. आन साच्याची भित सरळ उभी न्हाय ठेवायची, जरासा उतार द्यायचा, न्हायतर पीस आत आवळून बसतो, सुटतच न्हाय. बघणाराला झाकण दिसतं, उतार दिसत न्हाय. इतकी वर्षं झाली, पर साचा उघडताना माझं काळीज अजून वर येतंय.

तर संगीताचं. संगी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात हाय, शाळेचे शर्ट, चड्ड्या. हात असा चालतो तिचा की मशीनला धाप लागावी. तिच्या कुबडीला वर एक कडं असतंय, कोपराच्या खाली हाताला धरून ठेवणारं, सगळा भार त्याच्यावर. ते कडं जिन्यात तुटलं आन संगी पडली. नवीन कुबडी आणली, तिचं पण कडं तसंच, त्याच जागी तुटलं. ह्या वेळी पडली न्हाय, भितीला धरलं. पर मनातनं पडली. तिचा कारखाना वर हाय, दोन जिने. ती म्हणली मी जिना चढणार न्हाय. मी म्हणलं मी सोडतो वर. तर म्हणती, दादा, तू काय रोज मला पिशवीसारखी उचलून न्हेणार व्हय, तितल्या बाया मला मास्तरीण म्हणतात, पिशवी न्हाय म्हणत. खरंच होतं, नवीन पोरींना कटिंग शिकवायचं काम तिच्याकडं येणार होतं. मालकीणबाई चांगली होती, पर तिनं सांगून ठेवलं, संगीता, सिझन लागायच्या आत ये, न्हायतर मला दुसरी बघावी लागंल. मग संगी घरात बसली, उंबऱ्याला, आन माझ्या बायकोला दिवसभर स्वयंपाक शिकवायला लागली. घरात दोघींचं पटंना. हसू नको, त्यो पण एक त्रासच होता.

आन बघ योग कसा, आमच्या मालकाकडं कुबडीचं सामान करणाऱ्या एका पुण्याच्या पार्टीचं काम आलं, ह्याच कड्याचा साचा. मी मालकाला म्हणलं, मालक, हे काम मला द्या. मालक बी आमचा सोलापुरी, तो म्हणला, मारुती, आपलं कडं कसं पायजे, सोलापुरी चादरीसारखं जाड पायजे, मटेरियल घाला, हात आखडू नका. मला तर ते पटलंच, बापाचा अंगठाच बोलल्यावाणी वाटलं. चांगलं बोटाएवढं जाड कडं केलं. आमच्यात श्रावणी मॅडम हाय, डिझाइनची, हितलीच, पूर्व भागातली, वडील टॉवेलच्या मागावर, घरात तेलुगू बोलतात. नवीनच लागली होती. ती म्हणली, काका, जाडी जास्त होतीय. मालक म्हणला, करून तर बघू. पीस काढला, घरी आणला. संगीनं हातात घेतला, वरखाली केला, म्हणली, दादा, हे कडं हाय का बैलाचं जू?

वजनदार होतं खरं. पर वरनं मधोमध एक खळगा पडला होता, बाळाच्या गालाला पडती तशी खळी. मी म्हणलं ते दिसायचं काम हाय, पॉलिश करू. दुसऱ्या दिवशी कारखान्यात बाकावरच्या शिकंज्यात धरून दाबलं तर फटकन गेलं, मागच्या बाजारच्या कड्यापेक्षा लवकर. मला कळंना. मॅडमनं दुसरा पीस घेतला, करवतीनं मधोमध कापला आन माझ्या हातावर ठेवला. आत पोकळ. काय सांगू तुला, आत बुडबुडा, जांभळाएवढा. कुणी कोरला न्हाय, कुणी हवा भरली न्हाय. मॅडम म्हणली, काका, वरचं आधी गार होतं, कडक होतं. आतलं गरमच राहतं, ते मागनं आकसतं. आकसून जाणार कुटं, बाहेरचं तर आत येत न्हाय, मग ते आतल्या आत फाटतं. जेवढं जाड, तेवढं पोकळ. मी तो तुकडा लई वेळ बघत बसलो. लोखंडाला आपण ठोकून ठोकून भरीव करतो. हे आपलं आपण आत पोकळ होतंय, वरनं चांगलं दिसत. दोन्ही वस्तूच, दोन्ही तापवूनच केलेल्या, पर चाल किती निराळी. बाप असता तर त्याला दाखवला असता, तो पण बघत बसला असता.

मग मॅडमनं सगळं पातळ केलं, सगळीकडं सारखी जाडी, आन आतल्या अंगाला बारीक बारीक पट्ट्या उभ्या केल्या, आपल्या बरगड्या असतात तशा. पट्टी पण भितीपेक्षा पातळच पायजे, न्हायतर तिच्या मागं परत खळगा. कोपरा टोकदार न्हाय ठेवायचा, गोल करायचा, जोर टोकावर साठतो. मालक कुरकुरला, कडं पातळ करायचं म्हणजे साच्यात पोलाद वाढवायचं, आन साच्यातनं पोलाद काढणं सोपं, घालणं अवघड, म्हणजे तो भाग नव्यानंच कापायचा. पर कापलं. मी कापलं, मॅडम शेजारी उभी. सिझन जवळ आला होता, संगी विचारायची न्हाय, नुसती मी आलो की माझ्या पिशवीकडं बघायची.

नवीन कडं हलकं, हातात घेतलं तर खोटं वाटावं. शिकंज्यात दाबलं, लई टिकलं, पर शेवटी गेलं. आन कुटं गेलं? त्याच जागी. कडं नळीला खिळीनं बसवतात, त्या खिळीच्या भोकाच्या पुढं, जितं बाजारची गेली, जितं संगी पडली. मग मॅडम म्हणली, काका, आपण अर्धे अर्धे पीस काढू. म्हणजे साचा पुरता भरायचाच न्हाय. आधी थोडंच प्लॅस्टिक सोडायचं, पीस काढायचा, मग जरा जास्त, मग अजून जास्त. तसे काढले आन टेबलावर ओळीनं मांडले. पोरी, तू ते बघायला पायजे होतंस. वितळलेलं प्लॅस्टिक कसं पळतं ते कुणाला दिसतंय, बंद पोलादात, डोळा लवायच्या आत, आन हितं ते जागच्या जागी थांबून आमच्यापुढं पडलेलं. पहिल्यात नुसता एक ओघळ. पुढच्यात तो भोकाशी आला. पुढच्यात भोकाच्या दोन्ही अंगांनी दोन धारा निघाल्या. आन शेवटच्यात त्या पलीकडं जाऊन एकमेकीला टेकल्या. कुडलला भीमा आन सीना मिळतात की न्हाय, तसं. पर नदीचं पाणी एक होतं. ह्या धारांचं तोंड तवर गार झालेलं असतंय, त्या टेकतात, एकजीव होत न्हायत. वरनं केसासारखी रेघ दिसती, बस. आन ती रेघ नेमकी जितं संगीचा सगळा भार येतो तितं. बाजारच्या कड्यात बी हेच असणार, सगळी दुनिया त्याला चांगलं म्हणायची आन तो सांधा आत तसाच उघडा. मशीनवरची सगळी माणसं गोळा झाली, चहा गार झाला. एक जण म्हणला, मारुतीराव, आता ह्या दोघींचं लग्न लावा. मी म्हणलं, लावायचं न्हाय, जागा बदलायची.

रेघ तर जात न्हाय. भोक हाय तितं धारा फुटणार, फुटल्या की मिळणार. पर कुटं मिळायचं ते आपल्या हातात हाय, प्लॅस्टिक आत कुटनं सोडायचं त्याच्यावर. मॅडमनं ती वाट पार दुसऱ्या टोकाला न्हेली, रात्रंदिवस कॉम्प्युटरवर प्लॅस्टिक कसं पळंल त्याची रंगीत चित्रं काढून, आन रेघ आली मागच्या कडेला, जितं काय भारच येत न्हाय. तितं ती राहू दे बिचारी. कडं शिकंज्यात दाबलं, वाकलं, सोडलं की परत सरळ. परत दाबलं, परत सरळ. मी दाबतच राहिलो, मॅडमनं माझा हात धरला, म्हणली काका, पुरे, आता पुण्याला पाठवू.

पुण्याला तपासायची मशीन असती, माणूस चालतो तसं ती कुबडीवर भार टाकती, काढती, टाकती, काढती, दिवस न् दिवस. तितनं पास झाल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं न्हाय, मालकाचं सक्त सांगणं, आन बरोबरच होतं. मी संगीला म्हणलं थांब. ती म्हणली, छान, तुझं कडं पुण्याला परीक्षा द्यायला गेलंय आन मी हितं न देताच नापास. मालकीणबाईचा फोन येऊन गेला होता, शाळा उघडायला आल्या. संगीनं तिला सांगितलं, ताई, दुसरी बघितली तर मला राग न्हाय. फोन ठेवला आन भाकरी थापाय बसली, इतकी जोरात की परात वाजली.

मागच्या आठवड्यात मॅडम धावत माझ्या मशीनपाशी आली. म्हणली, काका, पुण्याचा फोन होता, आपल्या कड्याची परीक्षा पूर्ण झाली, पास, मग त्यांनीच शेवटी बघायचं म्हणून भार वाढवत न्हेला, तर नळी वाकली, अल्युमिनियमची नळी, आन कडं तसंच हाय. मी मशीन बंद केली. काय बोलू, पातळ, हलकं, हातात धरल्यावर खोटं वाटणारं, आन धातू वाकला. मालकानं पेढे आणले, ते सोड.

नवीन कुबडी संगीला दिली. तिनं कडं हाताला लावलं, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मी म्हणलं मी येतो जिन्यापर्यंत. म्हणली, तुला काम न्हाय का? एकटीच रिक्षात बसून गेली. मी कामावर गेलो पर लक्ष कुटलं, फोन मशीनच्या फळीवर, नजर फोनवर. लई उशीर झाला. मी मनात जिन्याच्या पायऱ्या चढत होतो, एकेक. मग वाजला. मागं शिवणमशीनचा सगळा गलका. मी म्हणलं, संगे, कुटं हायस? ती म्हणली, दादा, वर हाय मी. नवीन पोरी बसल्यात म्होरं. ठेव आता, काम हाय.