कन्हानले पाणी किती?

...नाही, मी म्हणते, इतकं पाहा लागतेच कशाले? जायचं तं जा ना बाप्पा! आठ दिवसांपासून नुस्तं आभाळ पाहून राहिला माणूस! सकाळी उठला की वर पाहते, कचेरीतून आला की वर पाहते, आन् तुमाले सांगते, मान अवघडते म्हणून संध्याकाळी त्याची बायको तेल चोळून देते. तेबी मीच पाहिलं. म्हणजे मुद्दाम नाही पाहत मी, आमची खिडकीच तिकडे उघडते त्याले मी काय करू? मले काय करा लागते त्याईच्या फटफटीशी!

फटफटी म्हणजे आमच्या शेजारच्या मार्तंडराव वकिलाची. दिवाळीले आणली. अख्ख्या महाल मोहल्ल्यात तसली दुसरी नाही, कारण बाजूले माणूस बसाले भल्ली मोठी टोपली लावली आहे. साइडकार म्हणते तिले, मी टोपलीच म्हणते. त्या टोपलीत कोण बसते? प्रेमलता, त्याची बायको! आन् उतरली की आमच्या ओट्यावर येऊन सांगते, "काय सांगू इंदुताई, हवेनं केस इतके उडते, रुमालच बांधा लागते!" आता हे मले सांगाची गोष्ट आहे? आमच्या घरी सायकल. मागं बसलं तं हे म्हणते, "उतर वं, चढ आला." चढ आला की मी पायी, उतार आला की ह्याईले ब्रेकचा भरोसा नाही म्हणून पुन्हा मी पायी! माझे केस कधी उडन?

बरं, फटफटी आहे तं माणसानं महाराजबागेत जावं, हवा खावी, घरी यावं. हा नाही! चांगली सडक दिसली की ह्याले ताप येते. रविवार आला की गाडरस्ते शोधते, नाले शोधते, आन् चिखलात घालते गाडी. मजा म्हणून! तुमीच सांगा, आमचे बाप-आजे जन्मभर त्या चिखलातून बंडी काढताना रडले, आन् हा पेट्रोल जाळून तिकडे हसाले जाते!

आन् जायच्या आधी सगळी चौकशी! भिंतीवर एक घड्याळासारखं यंत्र टांगलं आहे, त्याले एकच काटा. त्याच्यावर बोटानं टकटक करते आन् म्हणते, "पाऊस नाही." पेपरात हवामान पाहते. आन् या आठवड्यात तं कहर केला. भंडाऱ्याकडून लारी आली की धावत जाते, "काय हो, कन्हानला पाणी किती?" पोस्टमनले विचारते, "कन्हानला पाणी किती?" दाढी करणारा न्हावी इतवारी बाजाराच्या पुढं कधी गेला नाही, त्यालेबी विचारलं! सगळ्याईले विचारलं, सगळ्याईले... मलेच नाही विचारलं!

मले! जी कन्हानच्या काठावर जन्मली तिले! मौद्यावरून चार कोस गाडरस्ता, मंग नदीचा उतार, म्हणजे पायी पार व्हायची उथळ जागा, आन् उतार ओलांडला की माझं माहेर. चौथीपर्यंत शिकली मी, पण त्या पाण्याचं मले विचारा. मी काटा नाही पाहत, मी जयवंता पाहते. जयवंता म्हणजे आमच्याकडे मासोळ्या आणते ती धीवरीण. दर शनिवारी पहाटे तोच उतार पायी ओलांडते, मंग मौद्याहून लारीत बसते. तिच्या लुगड्यावर चिखलाची रेघ पाहाची. घोट्याजवळ रेघ, तं लेकरूबी नदी ओलांडन. गुडघ्याले रेघ, तं बंडी जाते. कमरेले रेघ, तं घरी बसा. संपलं! पण वकिलाले कोण सांगन? आन् मी काहून सांगू? मले काय करा लागते!

आता खरं सांगू? मले त्या टोपलीत बसाचं होतं. हसू नका. माझ्या भावाले, कवडूले, चार पोरांवर पोरगी झाली, आन् आज रविवारी तिचं बारसं. पोरीची आत्या कोण? मी. एकटी! पोरीच्या कानात नाव कोण सांगन? आत्या! मी तं नावबी ठरवलं होतं. ह्याईले म्हटलं, "जाऊ ना हो." तं हे म्हणते, "लारी मौद्यापर्यंत. पुढं चार कोस चिखल माझ्या गुडघ्यानं होते काय?" पण खिडकीतून ती रिकामी टोपली दिसे आन् तव्यावरची पोळी जळे... मी मार्तंडरावाले विचारू शकली असती. पण मी काहून विचारू? मोठी मी! त्यानं विचारावं! मी आठ दिवस ओट्यावर उभी राहून मोठ्यानं म्हणून राहिली, "आमच्या कवडूच्या पोरीचं बारसं रविवारी आहे हो!" इतवारीपर्यंत ऐकू गेलं असन. वकिलाचं डोकं आभाळात!

काल शनिवार. सकाळी जयवंता आली. मी रेघ पाहिली. घोट्याजवळ! म्हटलं, झालं. आता प्रेमलता टोपलीत बसून माझ्या माहेराच्या उतारातून जाईन, रुमाल बांधून! तेवढ्यात मार्तंडराव स्वतः आमच्या ओट्यावर.

"इंदुताई, एक विचारायचं होतं. कन्हानला पाणी किती असेल हो?"

आठ दिवसांनी! न्हाव्याच्या नंतर! माझ्या अंगाची अशी आग झाली, तुमाले सांगते, जिभेवर माझा ताबाच राहिला नाही. म्हटलं, "कमरेएवढं! अवं... अहो, कमरेच्या वर! पूर आहे पूर! जयवंता वाहत वाहत आली!"

जयवंता तिथंच बसून टोपलं आवरत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती बिचारी गुपचूप पाय लुगड्याखाली घेऊन बसली.

मार्तंडरावचं तोंड उतरलं. म्हणते कसा, "अरेरे! प्रेमलताला तिसरा महिना आहे, डॉक्टरांनी धक्के खाऊ नका सांगितलं. म्हटलं टोपली रिकामी आहे, भाचीच्या बारशाला तुम्हालाच न्यावं. तुमचे यजमान, भाऊसाहेब, मागच्या गादीवर बसतील, त्यांना विचारून ठेवलं होतं. म्हणून तर आठ दिवस पाण्याची चौकशी करतो आहे. तुम्हाला आधी बोललो नाही. आशा लावायची आणि पाणी निघालं, तर तुम्हाला किती वाईट वाटेल!"

...बाप्पा!

मी म्हटलं, "अहो, पूर म्हणजे... उतरते ना! कन्हान चढते तशीच उतरते! दुपारपर्यंत गुडघ्याले येईन, रात्रीपर्यंत घोट्याले!"

"नाही इंदुताई. तुमचा जीव बारशात आहे म्हणून तुम्ही म्हणता."

"अहो, यंत्र काय म्हणते? यंत्र पाहा ना!"

"यंत्र म्हणतं साफ. लारीवाला म्हणतो पाणी नाही. पोस्टमन म्हणतो नाही. पण तुम्ही नदीकाठच्या! तुमच्यापुढे यंत्र काय करतं?" आन् माणसानं हात जोडले! "आज जीव वाचवला तुम्ही." संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत तेच. जो तो येऊन मले शाबासकी देऊन राहिला. हे कचेरीतून आले आन् पहिल्यांदा, लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाले, "अक्कल आहे वं तुले." आता काय बोलू? खोटं बोलली म्हणू? मान्य करू तं नाक जाते, आन् गप बसू तं बारसं जाते.

नाक ठेवलं.

आज सकाळी मार्तंडराव हुडकेश्वर गावाकडे गेला चिखल खेळाले. पाणी-बिणी नाही तिकडे. आन् टोपलीत कोण बसलं माहीत आहे? आमचे हे! गुडघे दुखते ना त्याईचे! डोक्याले माझा रुमाल बांधून, मले हात हालवून गेले. मी जळत नाही, बरं का. मले काय करा लागते!

आता या घडीले तिकडे पाळणा हलून राहिला असन. बाया गोळा झाल्या असन, दाराकडे पाहून राहिल्या असन. आन् मंग कोणीतरी शेजारची पुढं झाली असन, वाकली असन पोरीच्या कानाशी... काय नाव ठेवलं म्हणता?

मले काय माहीत! नदीले पूर आहे ना, बाई!