जॅकेटवरचं नाव

आजच्या सभेच्या अध्यक्ष, आपल्या महिला मंडळाच्या थोरल्या बाईसाहेब. व्यासपीठावरचे आपल्या हवाई तळाचे आदरणीय प्रमुख साहेब आणि शाळेच्या मुख्याध्यापिका. जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली बालवाडीची ताई. समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणी आणि जागा नाही म्हणून व्हरांड्यात उभे असलेले बंधू, सर्वांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. माझ्या आधीच्या वक्त्यांनी इतके सुंदर शब्द वापरले की माझ्या वाट्याला साधेच उरले. हरकत नाही, मला साधेच परवडतात. एवढ्या मोठ्या गुच्छाऐवजी एक फूल चाललं असतं, असं मी बैठकीत म्हटलं तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. आताही हसताय. हसा, पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

ताई उद्या सरकारी घर रिकामं करून माहेरी निघाली. तिच्या सामानात एक गोष्ट जाऊ नये, एवढ्यासाठी मी उभी आहे. आपल्या वसाहतीनं तिला काय नावं ठेवलीत? "नवरा गेला म्हणून वाचलेल्या पोरावर दात धरलाय. तो समोरून आला की रस्ता बदलते. काळीज नाही बाईला." जिन्यात, दुकानाच्या रांगेत हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तो वाचलेला पोरगा माझा. मग या बोलण्याचा निकाल लावायचा हक्क माझ्याइतका कुणाला? ताईला विचारूनच बोलतेय. ती म्हणाली, "सांगा काकू, पण मध्येच रडू नका. मग मलाही रडावं लागेल, आणि फोटो काढणार आहेत."

युद्ध नव्हतं, काही नव्हतं. रोजचा सराव. दोन आसनांचं लढाऊ विमान, पुढे माझा मुलगा, मागे त्याला शिकवणारे ताईचे यजमान. पोरं त्यांना मागून 'आजोबा' म्हणायची. वय झालं होतं म्हणून नव्हे, तर प्रत्येक पट्टा दोनदा ओढून बघायचे म्हणून. पाण्यात पडल्यावर तरंगत ठेवणारं जॅकेट असतं ना, ते ज्याचं त्यानंच घालायचं. छातीवर नाव शिवलेलं असतं. त्या दिवशी माझ्या मुलाच्या जॅकेटची चेन अडकली. आजोबांनी स्वतःचं काढून त्याच्या अंगावर चढवलं. म्हणाले, "घाल, तुझी आई मला जेवायला बोलवायची बंद होईल नाहीतर." आणि स्वतः फळीवरचं जुनं, बिननावाचं घातलं.

समुद्रावर इंजिन बंद पडलं. दोघांनीही उडी घेतली. पाण्यात थोडा वेळ माझ्या मुलाला त्यांची हाक ऐकू येत होती, "बोलत राहा, झोपू नकोस." मग लाटा मध्ये आल्या. मग याचीही शुद्ध गेली. हेलिकॉप्टरवाल्यांनी याला वर ओढलं. तोंड सुजलेलं, ओळखू न येणारं. त्यांनी जॅकेटवरचं नाव वाचलं आणि तेच कळवलं. त्यांची तरी काय चूक? नाव असतं ते त्यासाठीच.

वसाहतीतल्या बायकांना सांगायला नको, वाईट बातमी इथे फोनवर येत नाही. गाडी येते. ती कुठल्या दारापाशी थांबते ते आपण सगळ्याजणी पडद्याआडून बघतो. त्या दिवशी ती माझ्या दारापाशी थांबली. म्हणाले, तुमचा मुलगा सापडत नाही.

सगळ्यात आधी धावत आली ती ताई. तिला निरोप मिळाला होता, यजमान सापडले, बेशुद्ध आहेत, दवाखान्यात आणताहेत. दुसरी कुणी असती तर तशीच तिकडे पळाली असती. ही माझ्याजवळ बसली. माझं डोकं मांडीवर घेतलं. माझी बहीण आल्यावरच उठली, यजमानांचे धुतलेले कपडे पिशवीत घालून गेली.

दवाखान्यात तिनं चादर बाजूला केली. खाली माझा मुलगा होता.

पुढचं मला परिचारिकेनं सांगितलं. ताई ओरडली नाही. फोन मागितला आणि मला म्हणाली, "काकू, लवकर या. तुमचा आहे." मी पोचले तेव्हा ती त्याच्या उशाशी उभी होती. त्याचा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता. माझ्या हातात दिला, आणि पिशवी घेऊन बाहेर जाऊन बाकावर बसली. तिच्या माणसाला समुद्रानं आजपर्यंत परत दिलेलं नाही.

काळीज नाही म्हणता?

परवा ती भांडी कागदात गुंडाळत होती. मी विचारलं, "ताई, खरं सांग, राग येतो का गं त्याचा?"

"नाही हो काकू. जॅकेट दिलं नसतं तर मला नवल वाटलं असतं. पण त्याचा चेहरा दिसला की मी पुन्हा त्या खाटेपाशी असते. हे आहेत म्हणून चादर काढते, आणि हे नसतात. दर वेळी नव्यानं. त्याला म्हणावं, तू काही केलं नाहीस. फक्त मला बघवत नाही."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, जेवलाही नाही. म्हणाला, "मग त्यांनी का रस्ता बदलायचा, आई? मी बदलतो." तेव्हापासून तो विमानदुरुस्तीच्या कारखान्याच्या मागून फिरून कामाला जातो. आज सभेला आलेला नाही, तो त्यासाठीच. उद्या त्यावरही बोलाल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

लोक मला म्हणतात, देवानं तुझा मुलगा वाचवला. मी रोज देवापुढे बसते, पण हे वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. ताईचा देव काय दुसरा होता?

ताई, पत्र लिहायचं, सणासुदीला फोन करायचा, असलं काही मनावर घेऊ नकोस. आम्हाला विसरता आलं तर खुशाल विसर. आमची आठवण आमच्याकडे राहील. आणि कधी त्याच्याकडे बघवलं, तर ये. नाही बघवलं तरी तू आमच्या घरची.

ज्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा केला आणि मला बोलू दिलं, त्यांची मी आभारी आहे. शब्द कमीजास्त झाले असतील, अध्यक्षबाईंचा वेळ खाल्ला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. ताईबद्दल जे बोलले त्याची मात्र माफी मागत नाही. यापुढे तिच्याविषयी कुणाला काही बोलायचं असेल, तर आधी माझ्या दारी या.

नमस्कार.